रोहित ‘परदेशी पाहुणे’ कसे?

संपादक महोदय,

थंडी पडली की भिगवणच्या रोहित पक्ष्यांचे फोटो छापून येतात आणि खाली ओळ असते, ‘परदेशी पाहुण्यांचे आगमन’. मोठ्या रोहितांची वीण कच्छच्या रणात होते. तिथून भिगवणला, उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर आलेला पक्षी स्थलांतरित म्हणा, पण परदेशी कसा? चित्रबलाक या करकोच्यालाही हेच बिरूद लावतात. तो तर इंदापुरात चिंचेच्या झाडांवर घरटी करतो. पक्षीनिरीक्षणाला नुकतीच सुरुवात केलेली मुले हे शब्द बातम्यांतूनच उचलतात, म्हणून हे पत्र.

बारा महिने इथेच राहून वीण करतो तो रहिवासी. वीण लडाख-तिबेटकडे आणि थंडी इथे काढणारे चक्रवाक, पट्टकदंब हे हिवाळी स्थलांतरित. नवरंगाचे उलटे: तो पावसाच्या तोंडावर विणीसाठी येतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे जातो. ‘प्रदेशनिष्ठ’, म्हणजे एकाच प्रदेशात मिळणारा; दुर्मीळ नव्हे. मलबारी राखी धनेश पश्चिम घाटाबाहेर मिळत नाही, पण तळकोकणच्या चांगल्या जंगलात सहज दिसतो.

वर्णनाचे शब्द तर फारच सैल वापरले जातात. भुवई म्हणजे डोळ्यावरची पट्टी. आपल्या रहिवासी मोठ्या धोबी पक्ष्याचे डोके, कपाळ काळे आणि त्यावर ठसठशीत पांढरी भुवई असते. हिवाळ्यात येणाऱ्या पांढऱ्या धोब्याचे कपाळ आणि चेहराच पांढरा. एवढ्या एका खुणेवर दोघे वेगळे होतात. लालबुड्या बुलबुलाचा लाल ठिपका शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूला असतो. पाठ संपून शेपटी सुरू होते ती वरची जागा म्हणजे कंबर. ती मिटल्या पंखांखाली झाकली जाते, म्हणून लाल कंबरेची भिंगरी उडतानाच नीट ओळखता येते.

सर्वांत जास्त फसवतो विणीचा पिसारा, म्हणजे विणीच्या काळात रंग बदललेली पिसे. वंचक हा छोटा बगळा एरवी मातकट, रेघारेघांचा. विणीच्या दिवसांत पाठ गर्द तांबूस-जांभळी होते आणि नवखे दोन वेगळ्या जाती लिहून मोकळे होतात. उडाल्यावर मात्र दोन्ही वेळा पंख पांढरेशुभ्रच.

दुर्बिणीवरचे ‘८ × ४२’ म्हणजे आठ पट मोठे दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिमी. दहा पटींच्या दुर्बिणीत हाताची थरथरही तितकीच वाढते, म्हणून सुरुवातीला आठच बरी. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करून घ्यावे. मग डावा मिटून उजव्या नेत्रिकेवरचे (डोळ्याकडच्या भिंगावरचे) कडे फिरवावे. हे न केल्यानेच डोके दुखते आणि दोष दुर्बिणीला जातो.

आपल्या वृत्तपत्राला विनंती: फोटोखाली नुसते ‘बगळा’ न छापता जातीचे पूर्ण नाव, तारीख, ठिकाण आणि संख्या द्यावी. घरट्याचा फोटो असेल तर मात्र ठिकाण गाळावे. कॅमेऱ्यांची गर्दी झाली की पक्षी अंडी सोडून जातात.

– एक पक्षीनिरीक्षक, पुणे