पहिली गोळी कुणाची?

तिबिलिसी

ती. बाबांना सा. नमस्कार.

रविवारी फोनवर २००८ च्या रशिया-जॉर्जिया युद्धावरून तुम्ही म्हणालात, "पण आधी आगळीक जॉर्जियानेच केली होती ना?" तेवढ्यात आईने फोन घेतला आणि उत्तर राहून गेलं.

हो, केली होती. ७ ऑगस्ट २००८ च्या रात्री जॉर्जियाच्या साकाश्विली सरकारच्या फौजेने दक्षिण ओसेतिया या फुटून निघालेल्या प्रांतातल्या त्सखिनवाली शहरावर तोफा आणि रॉकेटं डागली. माणसं घरात झोपलेली असताना. त्याचं समर्थन करता येत नाही, आणि युरोपीय संघाने नेमलेल्या हायडी टॅग्लियाविनी यांच्या चौकशी समितीनेही २००९ मध्ये तसंच नोंदवलं. पण बाबा, त्याच अहवालात पुढे रशियाचीही झाडाझडती आहे. तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं रशियन पासपोर्ट वाटले, फुटीर गटाला शस्त्रं पुरवली, आणि आपल्या शांतिसैनिकांचा बचाव करण्यापुरता हक्क असताना रणगाडे थेट प्रांताबाहेरच्या गोरी शहरापर्यंत आणले. त्यांच्या आडोशाने ओसेतियन टोळ्यांनी जॉर्जियन गावं जाळली. मॉस्कोने अहवालातला आपल्या सोयीचा भाग उचलला, तिबिलिसीने आपल्या.

माझ्या घरमालकीणबाई अखलगोरीच्या. दक्षिण ओसेतियातला तो भाग २००८ पर्यंत जॉर्जियाच्याच ताब्यात होता, युद्धानंतर रशिया आणि फुटीरांकडे गेला. त्यांची बहीण अजून त्सेरोवानीत राहते. गोरीला जाताना हमरस्त्यालगत एकसारख्या बैठ्या घरांच्या रांगा लागतात ना, फोटो पाठवला होता बघा, तीच वस्ती. विस्थापितांसाठी सरकारने त्या हिवाळ्याच्या तोंडावर घाईघाईने उभारलेली. सुरुवातीला परवाना दाखवून घरी जाऊन येता यायचं, झाडाची फळं आणता यायची. सप्टेंबर २०१९ मध्ये तो रस्ताही अडवला. आता महिन्यातले ठरावीक दिवसच उघडतो.

मला सर्वात जास्त खुपतं ते स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाचं. २०२१ च्या निकालात त्यांनी १२ ऑगस्टच्या युद्धविरामानंतरच्या जाळपोळीसाठी, छळासाठी आणि लोकांना घरी परतू न दिल्याबद्दल रशियाला जबाबदार धरलं. ते योग्यच झालं. पण ८ ते १२ ऑगस्टच्या प्रत्यक्ष लढाईबद्दल म्हणाले, त्या धुमश्चक्रीत तिथे कुणाचाच ताबा नव्हता, सबब ते आमच्या अधिकारकक्षेत बसत नाही. म्हणजे बॉम्ब पडत होते त्या पाच दिवसांचा न्याय मागायला त्या दारातून मागे फिरायचं. कायद्याची अडचण मला समजते, पटत मात्र नाही.

२०२४ च्या निवडणुकीआधी सत्ताधारी पक्षाचे संस्थापक इवानिश्विली गोरीत जाऊन बोलले, की ओसेतियन बांधवांची माफी मागायला हवी. बाई दोन दिवस धुमसत होत्या. मला विचाराल तर माफी मागावीच, त्सखिनवालीत मेलेल्यांची आणि १९९० मध्ये ओसेतियाची स्वायत्तता काढून घेतली त्याचीही. पण ती मतं मागताना नव्हे. आणि अखलगोरीच्या लोकांची माफी कोण मागणार, हेही त्याच सभेत सांगायला हवं होतं. तुम्ही "आधी कुणी?" विचारता, बाई विचारतात "आमचं घर कुणाकडे मागू?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रशियाकडेच आहे, पहिल्याचं काहीही असो.

परीक्षा पुढच्या आठवड्यात संपते. मग फोन करते, तेव्हा भांडू. आईला नमस्कार.

तुमची,
मनू