निर्लेखनाच्या आधी एक पेनड्राइव्ह लावून पहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

विंडोज 10 बंद झालं अन् आता जुने कॉम्प्युटर भंगारात जाणार, अशी बातमी तुमच्या पेपरात वाचली तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होतो, पण आधी सोयाबीन निघालं, मग कापूस वेचणी लागली अन् राहून गेलं. बातमी चूक नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं फुकटचे अपडेट थांबवले, घरगुती वापरणाऱ्यांना हवं असेल तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवून देतात, पुढं ज्याचं त्यानं पहावं. पण भंगारात जाणार हे काही मला पटलं नाही, कारण असे बाद ठरवलेले पाच कॉम्प्युटर माझ्या घरी आज चालून राहिले, पाचहीवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम आहे अन् पाचहीला नावं आहेत. शेवटी शाळांच्या कॉम्प्युटरबद्दल एक विनंती आहे, त्यासाठीच हे सगळं. हो, नावं. गावातले लोक हसतात, हसू द्या.

माझं गावात झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, सोबत थोडी कोरडवाहू शेती. दुकानाचा भार ढवळ्या-पवळ्यावर. हे दोघं एकाच मॉडेलचे छोटे ऑफिसवाले डेस्कटॉप, नागपूरला सीताबर्डीवर सेकंड हँड घेतलेले, आतमध्ये इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाईव्ह प्रोसेसर. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीच्या खालचा प्रोसेसर सहसा मंजूर नाही, टीपीएम 2.0 नावाची चिप पाहिजे, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या हिशेबानं दोघंही रिटायर. मी जुनी हार्डडिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी टाकली, रॅम आठ जीबी केली, वर मिंट नावाचं लिनक्स, अन् आता बटण दाबलं की तोंडातला खर्रा थुंकून येईपर्यंत डेस्कटॉप समोर असतो (खर्रा वाईट आहे, माहीत आहे). ढवळ्यावर दिवसभर सातबारा, पीक विमा, पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, अन् रात्री आरसिंक नावाचा प्रोग्राम त्याच्यातलं जे काही नवीन असेल तेवढं पवळ्यावर उतरवून ठेवते. एक बसला तर दुसरा जूवाला आहेच. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते ना बैलांची, त्याच दिवशी मी या जोडीला उघडतो, ब्लोअर मारतो, सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावतो. तोवर उन्हाळ्याची अन् पेरणीची सगळी धूळ पंख्यात जाऊन बसलेली असते अन् आमच्या इकडच्या 45 डिग्रीत तशी मशिन चालवली तर ती स्वतःच गरम होऊन बंद पडते, लोक समजतात कॉम्प्युटर गेला.

टिटवी त्या पाचांत धरलेली नाही. ती म्हणजे रास्पबेरी पाय नावाचा इवलासा कॉम्प्युटर, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, रात्रभर जागी राहते म्हणून टिटवी. तिच्यावर पाय-होल आहे, म्हणजे घरातल्या वायफायवर जो कोणी मोबाइल येईल त्याच्यातल्या बऱ्याचशा जाहिराती दारातच अडतात. यूट्यूबच्या मात्र तिच्यानं थांबत नाहीत, आधीच सांगून ठेवतो. शिवाय किविक्स नावाचा, इंटरनेटशिवाय वाचायचा प्रोग्राम टाकून मराठी विकिपीडिया आख्खाच्या आख्खा त्यात भरून ठेवला आहे, 1 मे 2003 पासून लोकांनी फुकटात लिहून ठेवलेला हा ठेवा, तर वादळात टॉवर गेला, इंटरनेट गेलं तरी ओसरीवर बसून गल्लीतले पोट्टे त्याच्यात वाचून राहतात. पाच-सात वॅट लागतात, इन्व्हर्टरला कळत सुद्धा नाही.

आता शकुंतला. आमच्या भागात हे नाव समजावून सांगावं लागत नाही, यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजवर धावायची ती, जिला 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं अन् जिच्यातून उतरून बाजूनं चालत गेलं तरी चुकामूक होत नव्हती. ही शकुंतला म्हणजे पेंटियम फोरचा जुना टॉवर, एक जीबी रॅम, वर अँटीएक्स नावाचं जुन्या मशिनसाठीचं हलकं लिनक्स. येते, पण तिच्या वेळेनं येते. लोक लग्नाच्या जुन्या सीडी-डीव्हीडी घेऊन येतात त्या काढायला तिचा ड्राइव्ह अजून पक्का आहे, तेवढ्यापुरती चालू करतो अन् लगेच बंद. कारण असा टॉवर शंभरेक वॅट खातो, चोवीस तास ठेवला तर दिवसाला 2.4 युनिट, महिन्याचे 72 झाले, तेच टिटवीचे चारच्या आतबाहेर. लिनक्स फुकट आहे म्हणून कोणताही जुना डब्बा दिवसरात्र चालवा असं सांगणारे भेटतात, त्यांचं लाईट बिल बहुतेक दुसरं कोणी भरत असावं.

चौथी बुढी, ॲटम प्रोसेसरवाली इवलीशी नेटबुक, 32 बिट म्हणजे जुन्या बनावटीची. तिची मला काळजी आहे, कारण तिच्यावर डेबियन नावाचं लिनक्स आहे अन् ऑगस्ट 2025 मध्ये डेबियन 13 आलं त्यात 32 बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच दिला नाही, म्हणून ती 12 वरच ठेवली आहे. म्हणजे लिनक्सवाले सुद्धा कधीतरी हात सोडतात, पण पंधरा-सोळा वर्षं सांभाळून मग सोडतात, हा फरक आहे.

पाचवा बिनमुंड्या. पुतण्याचा लॅपटॉप होता, मोटरसायकलवरून पडून स्क्रीन फुटली, नवी स्क्रीन टाकायला परवडत नव्हती, मी स्क्रीनच काढून टाकली. आता तो कपाटावर पडल्या पडल्या सर्व्हरचं काम करते, ढवळ्यावरून एसएसएच नावाच्या प्रोग्रामनं दुरूनच त्याच्यात शिरायचं, मुंडकं लागते कशाला. लाईट गेली तरी त्याची स्वतःची बॅटरी आहे, लोडशेडिंगवाल्या गावाला याच्याहून चांगला सर्व्हर नाही. फक्त उन्हाळ्यात बॅटरी फुगली नाही ना हे हात लावून पहायचं, फुगली दिसली की त्याच दिवशी काढायची, तिथं हयगय नको.

तर हे नावाचं खूळ माझं एकट्याचं नाही. हेलसिंकीच्या त्या विद्यार्थ्यानं, लिनस टोरवाल्ड्सनं, 1991 मध्ये लिनक्स बनवलं तेव्हा त्याच्या मनात फ्रिक्स असं काहीतरी नाव होतं, पण ज्याच्या सर्व्हरवर फाइली ठेवायच्या होत्या त्या आरी लेम्के नावाच्या दोस्तानं फोल्डरला परस्परच लिनक्स नाव देऊन टाकलं अन् तेच चिकटलं. 1993 मध्ये इयान मर्डॉकनं डेबियन काढलं त्यात अर्धं नाव त्याच्या मैत्रिणीचं, डेब्राचं, अर्धं त्याचं. मिंटवाले प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव ठेवतात, विल्मा झाली, झारा झाली. अन् 1990 मध्येच इंटरनेटच्या लोकांनी कॉम्प्युटरला नाव कसं ठेवावं याचा चक्क एक कागद काढला होता, आरएफसी 1178, डॉन लिब्स म्हणून एकानं लिहिलेला. त्यात आहे की स्वतःचं नाव देऊ नका, कामाचं नाव देऊ नका कारण काम बदलते, फार लांब नको, लाज वाटेल असं नको, एका विषयातली नावं घ्या. लाज वाटेल असं नको याचा अर्थ मला पुतण्यानं समजावला. त्यानं आधी बिनमुंड्याचं नाव सरपंच ठेवलं होतं. एके दिवशी दुकानात आठ-दहा माणसं बसलेली अन् आतून आमच्या घरची ओरडली, "अवो, सरपंच पुन्हा बंद पडला, दोन थापडा हाना त्याले!" अन् खरे सरपंच उताऱ्यासाठी समोर बसलेले. ते हसले म्हणून निभावलं, पण नाव त्याच रात्री बदललं.

बदलायला काही लागत नाही, होस्टनेमसीटीएल नावाची एक कमांड आहे. नाव रोमन अक्षरात लिहायचं, आकडा अन् हायफन चालतो, स्पेस चालत नाही. त्याच कमांडमध्ये दिसण्यापुरतं दुसरं नाव देता येते, त्यात देवनागरी बिनधास्त चालते.

इतकं सगळं सांगायचं कारण म्हणजे शाळा. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत मी प्रिंटर पहायला गेलो होतो, कोणती शाळा ते जाऊ द्या. खोलीत कॉम्प्युटर कपड्याखाली झाकलेले, प्रत्येकावर पांढऱ्या पेंटनं डेडस्टॉक रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीतला नंबर. गुरुजी म्हणाले, "तीन नंबरचा बंद हाय जी." मी म्हटलं कोणत्या बाजूनं तीन? टेबलं दोनदा हलवलेली, कोणता कधी बिघडला, कोणाची रॅम काढून कोणाला लावली, कोणाला काही माहीत नाही. अन् आता विंडोज 11 चालत नाही म्हणून सगळ्यांचं निर्लेखन, म्हणजे वहीतून कमी करून भंगारात काढणं, चालू आहे. माझ्या घरी कोणी विचारलं की बुढीला काय झालं, तर आमची माय सुद्धा सांगते की तिची बॅटरी गेली, चार्जर लावूनच चालते. मायला रॅम म्हणजे काय ते माहीत नाही, बुढी कोण ते माहीत आहे. पोट्ट्यांना नावं ठेवायला लावा, तान्ह्या पोळ्यात लाकडाच्या बैलाला सुद्धा नाव ठेवतात ते. ज्या पोरीनं नाव ठेवलं ती त्याचा पंखा साफ आहे का हे पाहीलच, माऊस कोणी पळवला तर भांडेल सुद्धा.

माझं म्हणणं एवढंच आहे की निर्लेखनाच्या यादीवर सही व्हायच्या आधी प्रत्येक मशिनला एक पेनड्राइव्ह लावून पहावा. मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह असला तर आतल्या डिस्कला हात न लावता कॉम्प्युटर चालू होतो, वायफाय, आवाज, प्रिंटर चालते की नाही ते तिथंच कळते. चाललं तर ठेवा, नाही चाललं तर खुशाल ई-कचऱ्यात द्या, फक्त रीतसर घेणाऱ्याला द्या, आमच्याकडं भंगारवाले तांब्यासाठी वायरी जाळतात. केरळात सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून लिनक्सवर शिकवून राहिल्या, तिथल्या पोरांचं काही अडलेलं ऐकलं नाही.

सगळं जमते असंही नाही. माझ्या दुकानातलं अंगठ्याचं मशिन लिनक्सवर चालत नाही, त्यासाठी एक विंडोजवाला लॅपटॉप ठेवलाच आहे, त्याला मुद्दाम नाव दिलं नाही. कृतिदेव फॉन्टमधल्या जुन्या फाइली लिबरऑफिसात, म्हणजे लिनक्सवरच्या वर्ड-एक्सेलसारख्या प्रोग्राममध्ये, तो फॉन्ट नसताना उघडल्या की नुसती गिचमिड दिसते, युनिकोडमध्ये बदलून घेतलेल्या बऱ्या. पण पाचवी-सातवीच्या पोरांना मराठी टायपिंग, चित्र काढणं, गणिताचे खेळ अन् विकिपीडिया यासाठी यातलं काही लागत नाही. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आहेच.

हे पत्र छापलं अन् आमच्या तालुक्यातल्या कोण्या मुख्याध्यापकांनी वाचलं तर मी पेनड्राइव्ह घेऊन यायला तयार आहे, पैसे नको, चहा चालेल. याद्या मार्चच्या आत पुढं जातात म्हणून त्याआधीचा एखादा शनिवार बरा, शाळा सकाळची असते अन् त्या टायमाला आमच्याकडं लाईटही असते. एक्सटेन्शन बोर्ड मात्र शाळेनं द्यावा.

आपला,
एक झेरॉक्सवाला वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ