प्रिंटर बंद करायला सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

"पिंग जातोय, म्हणजे नेटवर्क ठीकच आहे," असं मी तुम्हाला फोनवर किती ठासून सांगत होतो! घरून ऑफिसच्या नेटवर्कात नेणारं व्हीपीएन जोडलेलं, ऑफिसचा फाइल सर्व्हर १९२.१६८.१.५०, पिंगला, म्हणजे "आहेस का?" या छोट्या हाकेला, उत्तर येतंय, फोल्डर तेवढा उघडत नाही. फायरवॉल, ड्रायव्हर, पासवर्ड, दोन दिवसांत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. तुम्ही एवढंच विचारलंत, "उत्तर किती वेळात येतंय?" एक मिलिसेकंद. "इतक्या लांबून? घरातला प्रिंटर बंद करा बरं."

प्रिंटर बंद केला आणि पिंगही थांबला. त्याचा पत्ताही १९२.१६८.१.५०च! दोन दिवस मी प्रिंटरशीच बोलत होतो!

घरी १९२.१६८.१.०/२४, ऑफिसातही तेच. /२४ म्हणजे पहिले तीन आकडे नेटवर्कचे, शेवटचा यंत्राचा. लॅपटॉप पत्त्याला मास्क, म्हणजे नेटवर्कचा भाग वेगळा काढणारी चाळणी, लावून पाहतो. आपल्याच गल्लीतला निघाला की गेटवेकडे, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरकडे, जातच नाही, एआरपीने (हा पत्ता कुणाचा, हे गल्लीतच विचारण्याची पद्धत) थेट हाक मारतो. व्हीपीएनचा रूटही लॅपटॉपच्या वाटांच्या टेबलात होता, पण तोही /२४च, आणि मेट्रिक (वाटेची किंमत) कमी म्हणून घरचा जिंकत होता. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी पत्त्यांचे तीनच पट्टे राखले आहेत, आणि कितीतरी घरगुती राउटर १९२.१६८.१ घेऊनच खोक्यातून निघतात. टक्कर व्हायचीच.

मग तुम्ही फक्त त्या सर्व्हरसाठी /३२ चा, म्हणजे एकाच पत्त्यापुरता, रूट व्हीपीएनच्या टनेलमधून टाकायला लावलात. प्रीफिक्स (तिरप्या रेघेनंतरचा आकडा) जितका लांब तितका त्याचा मान मोठा, मेट्रिकचा विचार त्यानंतर. फोल्डर उघडला. व्हीपीएन चालू असेपर्यंत प्रिंटर मात्र गायब, हेही तुम्ही आधीच बजावलं होतंत.

खरे आभार त्यानंतरच्या अर्ध्या तासाचे. काम झालं होतं, फोन ठेवता आला असता. तुम्ही कागद घ्यायला लावलात: १०.४.३७.९/२० कुठल्या नेटवर्कात? मी बेधडक १०.४.३७.० म्हणालो. "/२० म्हणजे तिसऱ्या आकड्यात १६-१६ च्या उड्या. ३७ च्या आतली शेवटची उडी कुठली?" बत्तीस. म्हणजे १०.४.३२.० पासून १०.४.४७.२५५ पर्यंत. इतकी वर्षं मी /२४ सोडून कशाकडे बघितलंच नव्हतं, हे तेव्हा कबूल केलं नाही, आता करतो.

रविवारी घरचं नेटवर्क १०.७३.२०.०/२४ वर हलवलं. /३२ चा रूट काढून टाकला. प्रिंटर आता १०.७३.२०.५० वर आहे, आणि ऑफिसच्या सर्व्हरचा पिंग ३८ मिलिसेकंद दाखवतो. एवढा संथ पिंग बघून इतका आनंद कधी झाला नव्हता.

तुमचा,
फोनवरचा हट्टी