नाव एकच, स्पेलिंग मात्र तीन

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सुपडू, दगडू, आत्माराम ही नावे मागे पडून खान्देशात आता ‘आरव’ हे नाव इतके रुळले आहे, की एकाच वर्गात दोन आरव असणे शिक्षकांना नवे राहिलेले नाही. अक्षयकुमार आणि ट्विंकल खन्ना यांच्या २००२ साली जन्मलेल्या मुलाचे हे नाव असल्याने त्याच्या प्रसाराला हातभार लागला असावा. नाव मूळचे संस्कृत, ‘रु’ धातूपासून आलेले. कोंबडा आरवतो त्यातलाच हा आरव, म्हणजे ध्वनी. नावांच्या पुस्तिकांत छापला जाणारा ‘शांत’ हा अर्थ त्याला मुळीच लागू पडत नाही. तरीही नाव गोड आहे आणि माझी तक्रार नावाबद्दल नाही.

देवनागरीत तीन अक्षरांचे हे नाव इंग्रजीत लिहिताना कोणी सुरुवातीला एक ‘ए’ लावतो, कोणी दोन, तर अंकशास्त्र मानणारे मधला ‘आर’ही दोनदा लिहितात. परिणामी जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला तिसरे स्पेलिंग असते, आणि ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा कायमस्वरूपी शैक्षणिक ओळख क्रमांक काढताना शाळेची नोंद आधारशी जुळत नाही म्हणून काम अडते. कामासाठी सुरतेला, उधना-लिंबायतकडे राहिलेल्या आपल्या कुटुंबांची अडचण याहून मोठी आहे, कारण मुलाचा दाखला तिकडचा आणि शाळा इकडची. एका अक्षरासाठी बापाला रोज बुडवून सुरत गाठावी लागते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाल्यावर, त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे, त्यामुळे त्यावरील चूक पुढे जन्मभर निस्तरावी लागेल. वास्तविक घाई करण्याचे कारणच नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली तरी ती नावाविना करता येते आणि नाव नोंदणीपासून वर्षभरात विनाशुल्क घालता येते. म्हणून बारसे होऊन घरात स्पेलिंग ठरल्यावरच ते नोंदवावे, आणि दवाखान्यांनी व ग्रामपंचायतींनी ते आईवडिलांकडून कागदावर लिहून घेऊन, दाखला छापण्यापूर्वी त्यांना एकदा वाचून दाखवावे, एवढी माझी विनंती आहे. आशाताई घरोघरी जातातच. ही माहिती त्यांच्यामार्फत बाळंतिणीच्या घरी पोहोचवणे आरोग्य विभागाला सहज शक्य आहे.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक, अमळनेर