वाढीच्या आलेखात पातळी दाखवा, माणसेही मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जीडीपीचे, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाचे, तिमाही आकडे जाहीर झाले की दुसऱ्या दिवशी आपल्या अर्थपानावर स्तंभांची रांग उभी असते. शेवटचा स्तंभ गडद रंगाचा आणि प्रत्येकाच्या डोक्यावर वाढीचा टक्का. आकडे सरकारी पत्रकातलेच असतात, त्यात काही खोट नाही. पण नुसता टक्का छापला की वाचकाच्या मनात उभे राहणारे चित्र बरेचदा चुकीचे असते, आणि म्हणून हे पत्र.

सर्वांत ठळक उदाहरण ३१ ऑगस्ट २०२१ चे. त्या दिवशी एप्रिल-जून तिमाहीची वाढ २०.१ टक्के असल्याचे जाहीर झाले. आदल्या वर्षीच्या टाळेबंदीच्या तिमाहीत २४.४ टक्के घट झाली होती. आता आलेख डोळ्यांपुढे आणा. एक लांब स्तंभ रेषेखाली लोंबतो आहे, दुसरा जवळजवळ तेवढाच रेषेच्या वर. पाहणारा म्हणणार, गेले होते ते बहुतेक सगळे परत आले. हिशेब मात्र असा आहे: शंभराचे झाले ७५.६. त्यावर २०.१ टक्के म्हणजे पंधरा आणि थोडे वर. बेरीज ९१ च्या आतच. स्थिर किमतींना, म्हणजे महागाईचा परिणाम वगळून, त्या तिमाहीचा जीडीपी ३२.३८ लाख कोटी रुपये होता आणि दोन वर्षांपूर्वीच्या त्याच तिमाहीत तो साडेपस्तीस लाख कोटींच्या वर होता. म्हणजे ‘वीस टक्के वाढ’ झालेल्या तिमाहीत देश २०१९ पेक्षा कमी उत्पादन करत होता. टक्क्यांच्या स्तंभांऐवजी रुपयांची एक साधी रेषा काढली असती, तर खड्डा किती भरला आणि किती उरला हे शाळकरी पोरालाही दिसले असते.

तुलनेची गडबड वेगळीच. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेची घट ३२.९ टक्के आणि आपली (तेव्हाच्या पहिल्या अंदाजानुसार) २३.९ टक्के, असे दोन स्तंभ शेजारी शेजारी ठेवून ‘आपण बरे’ म्हणणारे आलेख मोबाइलवर फिरत होते. अमेरिका आधीच्या तिमाहीशी तुलना करते आणि तोच वेग वर्षभर टिकला तर काय होईल, तो आकडा सांगते. आपण आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करतो. हे दोन आकडे एका अक्षावर बसतच नाहीत. अमेरिकेची त्या तिमाहीतली प्रत्यक्ष घट नऊ टक्क्यांच्या आसपास होती.

शिवाय आकडा एकदा छापला म्हणजे तो कायमचा झाला असे नाही. २०२३-२४ या एकाच वर्षाचे पाहा. जानेवारी २०२४ च्या पहिल्या आगाऊ अंदाजात वाढ ७.३ टक्के होती, फेब्रुवारीत ७.६, मे महिन्यात ८.२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ९.२ टक्के. वर्ष तेच, आकडे चार. माहिती उशिरा येते, म्हणून असे होते; यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. पण यंदाच्या आगाऊ अंदाजाचा स्तंभ गतवर्षीच्या सुधारित आकड्याशेजारी उभा करून ‘वेग मंदावला’ किंवा ‘वेग वाढला’ असा मथळा देताना निदान तळटीप तरी हवी. पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती धरून हिशेब होतो ते, बदलले की मागचा इतिहासच हलतो. जानेवारी २०१५ मध्ये २०११-१२ ची मालिका आली तेव्हा २०१३-१४ ची वाढ ४.७ वरून ६.९ टक्के झाली. उभा अक्ष शून्याऐवजी सहापासून सुरू करून ६.५ आणि ७ मध्ये दुपटीचा फरक भासवणाऱ्या आलेखांबद्दल मी काही लिहीत नाही. तो प्रकार आपल्याकडे कमी आहे, याचे श्रेय आपल्याला देते.

माझा खरा आग्रह उत्पादकतेच्या आलेखाचा आहे. वर्तमानपत्रांत तो जवळजवळ कधीच दिसत नाही. उत्पादन वाढते ते दोन वाटांनी: काम करणारे हात वाढतात, किंवा एका हाताकडून होणारे काम वाढते. पगार वाढायला मुख्यतः दुसरी वाट लागते. रिझर्व्ह बँकेच्या ‘क्लेम्स’ या उत्पादकता मोजण्याच्या माहितीसाठ्यानुसार देशातला रोजगार २०१४-१५ मध्ये ४७.१५ कोटी होता, तो २०२३-२४ मध्ये ६४.३३ कोटी झाला. त्याच काळात २०११-१२ च्या किमतींना जीडीपी साधारण १०५ लाख कोटींवरून १७५ लाख कोटींच्या घरात गेला. भागाकार करून पाहा. दर कामगारामागे उत्पादन सुमारे २ लाख २३ हजारांवरून २ लाख ७२ हजारांवर आले. जीडीपीची वाढ वर्षाला पावणेसहा टक्क्यांच्या आसपास पडते आणि दर कामगारामागची जेमतेम सव्वादोन. हे दोन स्तंभ शेजारी छापले, तर ‘देश एवढा वाढतोय, मग आमच्या हातात का येत नाही’ या प्रश्नाच्या उत्तराचा निम्मा भाग तिथेच मिळेल.

अर्थात कामगार कोणाला मोजायचे, हाही वादाचा मुद्दा आहे. सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. स्वयंरोजगारात असलेल्यांचे प्रमाण ५२.२ वरून ५८.४ टक्के. घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी हातभार लावणारेही यातच येतात. काही अभ्यासक याला संधी म्हणतात, काही नाइलाज म्हणतात, तर काहींच्या मते आधी न मोजलेले काम आता मोजले जाऊ लागले आहे. आमच्या ऊस-द्राक्षाच्या पट्ट्यात बाई रानात कधी नव्हती, हे मला कोणी सांगावे! तरीही सगळीच वाढ मोजणीतून आली असेल असे मला वाटत नाही, कारण शेतीवरचा एकूण भारही वाढला आहे. २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के कामगार शेतीत होते, २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्के. देशाच्या मूल्यवर्धनात (उत्पादनातून कच्च्या मालासारखा खर्च वजा जाता उरणाऱ्या मूल्यात) शेतीचा वाटा सुमारे १८ टक्के. म्हणजे बिगरशेतीतला एक कामगार सरासरीने शेतीतल्या कामगाराच्या जवळपास चौपट मूल्य निर्माण करतो. जगात बहुतेक ठिकाणी देश वाढला तशी माणसे शेतीतून कारखान्यांकडे आणि सेवांकडे गेली. आपल्याकडे अलीकडच्या या काही वर्षांत ती उलट दिशेने गेली, आणि वाढीच्या टक्क्याच्या स्तंभात याची पुसटशी खूणही नसते.

पानावर जागा नसते, हे मान्य. पण आलेखाखाली एका ओळीत किमती स्थिर की चालू, तुलना कोणत्या काळाशी आणि अंदाज कितवा, एवढे मावते. स्तंभांवर रुपयांची एक बारीक रेषाही मावते. उत्पादकतेचा आलेख वर्षातून एकदा दिला तरी चालेल. राज्याची आर्थिक पाहणी अर्थसंकल्पाच्या तोंडावर, साधारण मार्चमध्ये येते आणि त्यात दरडोई उत्पन्नाची जिल्हावार आकडेवारी असते. तिच्यातून दरवर्षी राज्याची एक सरासरी तेवढी मथळ्यात येते. मुंबई, ठाणे, पुण्यापासून नंदुरबार, वाशीम, गडचिरोलीपर्यंत सगळे जिल्हे उतरत्या क्रमाने एका आलेखात छापा, आणि सरासरीची रेषा त्यावर आडवी मारा. किती जिल्हे त्या रेषेखाली राहतात ते वाचक स्वतः मोजतील.

कळावे,
एक निवृत्त अर्थशास्त्र शिक्षिका, मिरज