आलवणातल्या बाईवर हसायचे?

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत वाड्यातल्या भुताच्या सिनेमाचे परीक्षण वाचले. तुमच्या परीक्षकांनी चार तारे दिले, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. ज्याची त्याची आवड. पण 'लाल आलवणातली बोडकी म्हातारी धमाल उडवते' या वाक्याने माझा संताप झाला. आलवण म्हणजे केशवपन केलेल्या, डोके भादरलेल्या विधवेने नेसायचे लाल लुगडे. सिनेमा मी पाहिला आहे, तेव्हा ऐकीव गोष्टीवर लिहीत नाही.

तीन भावांची कुटुंबे वाटणीसाठी जुन्या वाड्यात जमतात, इथपर्यंत ठीक होते. कुणी कुठली खोली घ्यायची यावरून जावाजावांची धुसफूस, कुलपे लावलेली कपाटे, नातवंडांचा धुडगूस, हे बघताना मीसुद्धा हसले. मग पंगतीत दिवे जातात, माळ्यावरून त्या आलवणातल्या बाईचे भूत खाली उतरते, जावई श्रीखंडाच्या पातेल्यात पडतो. सगळे थिएटर टाळ्या पिटत होते. मला तिथे बसवेना.

आमच्या रावपुऱ्यातल्या घरी माझ्या वडिलांची आत्या होती. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. नवव्या वर्षी लग्न झाले, अकराव्या वर्षी नवरा गेला. सासर रत्नागिरीकडचे, म्हणजे इंग्रजी मुलखातले. इकडे बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी 1904 मध्येच बालविवाहाला बंदी घालणारा कायदा केला होता. तिकडे शारदा कायदा यायला 1929 उजाडले. केशवपन उरकून सासरच्यांनी तिला बडोद्याला आणून सोडले, ती मरेपर्यंत आमच्याकडेच राहिली.

जिन्याखालची खोली तिची. तिचे आलवण मागच्या अंगणात वेगळ्या दोरीवर, काठीने वर सारून वाळत घातलेले असायचे. न्हावी मागच्या दाराने यायचा, आणि त्या दिवशी ती कुणाशी बोलत नसे. घरातल्या प्रत्येक बाळंतिणीचे डिंकाचे लाडू तिने वळले, प्रत्येक मुंजीचा सोवळ्यातला स्वयंपाक तिने केला. मात्र हळदीकुंकवाला बायका यायला लागल्या की तिने आपणहून दार लोटून घ्यायचे. कुणी सांगावे लागत नसे, इतके ते अंगवळणी पडलेले.

वाचायला ती माझ्या वडिलांच्या शाळेच्या पुस्तकांवरून शिकली. पुढे सेंट्रल लायब्ररीतून आम्ही आणलेली पुस्तके चाळीसच्या दिव्याखाली रात्री वाचत बसायची. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीतली विधवा यमू तर तिने पुन्हा पुन्हा वाचली. मी एकदा विचारले, "आत्याआजी, तेच तेच काय वाचतेस गं?" म्हणाली, "माझ्यावर कुणी लिहिलंय, तेवढंच बघते."

तिच्या लाल लुगड्याला आम्ही मुले कधी घाबरलो नाही. उलट पावसाळ्यात वीज कडाडली की सगळे त्याच खोलीत पळायचो आणि तिच्या घोंगडीवर दाटीवाटीने बसायचो. ही बाई मुलांना भिववायची असे ज्यांना वाटते, त्यांनी अशी बाई घरात पाहिलेलीच नाही.

1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी एकत्र आली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे त्यांनी ठरवले. ज्यांचे पोट त्या वस्तऱ्यावर चालत होते, त्यांना यातली क्रूरता कळली. आज ती क्रूरता ज्या बायकांनी सोसली त्यांचेच भूत करून पडद्यावर नाचवायचे, आणि वर्तमानपत्राने त्याला चार तारे द्यायचे?

भुताच्या विनोदाला माझा विरोध नाही. 1982 मध्ये 'एक डाव भुताचा' या सिनेमात अशोक सराफ यांनी रंगवलेले शिवकाळातले भूत मी सहकुटुंब पाहिले आहे, आजही टीव्हीवर लागले तर बघते. त्या भुताला स्वतःचा स्वभाव होता, मान होता, ते भांडायचे, रुसायचे. या सिनेमातल्या बाईला नावसुद्धा नाही. पडद्यावर सगळे तिला 'ती बोडकी' म्हणतात, आणि तुमच्या परीक्षकांनी तोच शब्द उचलला.

सर्वांत वाईट वाटले ते शेवटाचे. तिने वर्षानुवर्षे राखलेला सोन्याचा हंडा भावांना मिळतो, ती समाधानाने हसते आणि मुक्त होते. म्हणजे जिवंतपणी घरासाठी राबायचे आणि मेल्यावर घराचे सोने राखायचे! तिला काय हवे होते, हे त्या तीन भावांपैकी एकालाही विचारावेसे वाटत नाही. लेखकालाही वाटले नाही. याला परीक्षणात 'हृद्य शेवट' म्हटले आहे. त्यात काय हृद्य आहे, ते परीक्षकांनी कृपया खुलासा करून सांगावे.

जाता जाता आणखी एक. वाडा म्हटला की जळमटे, वटवाघळे आणि करकरणारी दारेच का दिसावीत? तांबेकर वाडा इथे रावपुऱ्यातच आहे. त्याच्या भिंतींवरची चित्रे बघायला लांबून लोक येतात. आपल्या शहरातल्या मुलांना तो कुणी दाखवायचा? त्यावर पुरवणीत अर्धे पान दिलेत तर बरे होईल.

आणि मराठी सिनेमा बडोद्यात लागतो तो सकाळी दहाचा एकच खेळ, तोही आडवारी. नोकरी करणाऱ्यांनी जायचे केव्हा? हा सिनेमा मला आवडला नाही, पण पुढचा चांगला निघाला तरी तो संध्याकाळी बघायला मिळणार नाहीच. थिएटरवाल्यांना याबद्दल तुमच्या वर्तमानपत्राने एकदा जाहीर विचारावे.

पत्र काटछाट न करता छापावे, ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक
रावपुरा, बडोदे