मालक कोण?

कोपरखैरणे

ती. आई-आप्पांस शि. सा. नमस्कार.

आप्पा, परवा तुम्ही विचारलंत, "नोकरी सोडलीस, मग आता तुझा मालक कोण?" तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहून पाठवते.

तुमचा तरी एक मालक कुठे होता? हमाली आज या गाळ्यावर, उद्या त्या. म्हणूनच तर 1969चा माथाडी कायदा झाला. व्यापारी कितीही बदलोत, मजुरी आणि तिच्यावरची त्यांची लेव्ही, म्हणजे जादा वर्गणी, माथाडी मंडळात जमा, फंड-ग्रॅच्युइटी तिथूनच. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांचा फोटो आपल्याकडे देवांशेजारी होता, तो उगाच नाही. माझंही तसंच आहे, फक्त मंडळ नाही. मुकादम मीच आणि टोळीही मीच. आधी संपादकाला विषय सुचवायचा, हो आलं की लिहायचं, छापून आलं की बिल. पैसे येतील तेव्हा, तेही बरेचदा 10 टक्के टीडीएस कापून. घर तुम्ही करून ठेवलंय म्हणून निभतं. भाड्याच्या खोलीत राहून मी हे धाडस केलं नसतं.

आई, मग सोडलीस कशाला म्हणशील. पेपरात डेस्कवर बसून दुसऱ्यांच्या बातम्यांना मथळे द्यायचे. आपलं मार्केट पानावर यायचं ते कांद्याचा भाव चढला तरच. आता पहाटे मी त्याच कांदा-बटाटा मार्केटात जाते. ट्रक खाली होतात तिथे सांडलेला माल निवडणाऱ्या बायका बसतात. त्यातली एक आधी बोलेचना. पुन्हा गेले तेव्हा गोणपाट सरकवून जागा दिली. बोलताना हात चालूच: सडका अंगठ्याने दाबून बाजूला, मोड आलेला वेगळा, चांगला पाटीत. डोळे चुरचुरत नाहीत का, तर म्हणे, "ते पहिल्या वर्षी." मंडळात नोंदणी झालीय का विचारल्यावर मात्र नुसती हसली.

अशा किती जणी नोंदल्यात, हे विचारायला 10 रुपयांचा स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नोकरीत एवढं थांबायची सोयच नव्हती, रात्री पान छपाईला सोडायचंच असायचं.

स्थळं आणणाऱ्यांना 'पत्रकार आहे' एवढंच सांग, आई. पगार विचारलाच तर खरं सांग, दर महिन्याला वेगळा.

आप्पा, तुमच्या टोळीतलं अजून कोण मार्केटात आहे? नावं आणि गाळे आठवून ठेवा, रविवारी फोन करते. पाठ शेकताय ना?

तुमची लेक